हद्द संपते तेथे: मालिका-हत्येचा तपास आणि सरकारी दप्तर

१९९५ साली 'एचबीओ' या अमेरिकी वाहिनीवर प्रसारित झालेला, क्रिस जेरोल्मो यांनी दिग्दर्शित केलेला 'सिटिझन एक्स' हा चित्रपट गुन्हेकथा म्हणून ओळखला जात असला, तरी त्यातील खुनी कोण हे प्रेक्षकाला बरेच आधी कळते, आणि असा खुनी अस्तित्वात आहे हे शासनयंत्रणेच्या गळी उतरवण्यात एका तपास अधिकाऱ्याची किती वर्षे खर्ची पडली, हाच चित्रपटाचा खरा विषय ठरतो. पत्रकार रॉबर्ट कलन यांच्या पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटामागची घटना खरी आहे. सोव्हिएत संघाच्या दक्षिणेकडील रोस्तोव प्रांतात आणि त्याच्या आसपास १९७८ ते १९९० या काळात आंद्रेई चिकातिलो या माणसाने मुलामुलींच्या आणि स्त्रियांच्या हत्या केल्या. १९९२ साली न्यायालयाने त्याला ५२ खुनांसाठी दोषी ठरवले आणि १४ फेब्रुवारी १९९४ रोजी त्याला मृत्युदंड देण्यात आला. चिकातिलो आधी शिक्षक, नंतर कारखान्याच्या मालपुरवठा विभागातला कर्मचारी आणि काही काळ कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. कामानिमित्त तो सतत प्रवासात असे, आणि लोकल गाड्यांच्या स्थानकांवर एकटी, घरातून निघून आलेली किंवा बौद्धिकदृष्ट्या दुर्बल माणसे हेरून त्यांना रुळांलगतच्या झाडीत नेत असे.

मालिका-हत्यारा म्हणजे काही काळाच्या अंतराने एकामागून एक, बहुधा अनोळखी माणसांना मारणारा गुन्हेगार. सर्वसाधारण खुनात मारणारा आणि मरणारा यांच्यात वैर, पैसा किंवा नाते असा काही धागा असतो व तपास त्या धाग्यावरून पुढे सरकतो. येथे तो धागाच नसल्यामुळे दोन वेगवेगळ्या मृत्यूंमधील साम्य कोणाच्या तरी लक्षात येणे एवढाच मार्ग उरतो. हे साम्य नेमके कोणाच्या लक्षात यायचे, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यासाठी पुस्तकी नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा मुंबई–हावडा लोहमार्गावर वसला आहे. गोंदिया जंक्शनवरून एक फाटा बालाघाटकडे, तर दुसरा सौंदड, अर्जुनी, वडसा या मार्गाने बल्लारशाकडे जातो. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड, आणि सालेकसा–दरेकसा भागात रूळ थेट जंगलातून जाऊन बोगद्यात शिरतात व थोड्याच अंतरावर राज्याची सीमा ओलांडतात. रोस्तोवच्या तपासात जे अडले, त्यातले बरेच काही येथल्या भूगोलातही अडू शकते.

पुढील संवाद दोन प्रातिनिधिक भूमिकांचा आहे. एक भूमिका विदर्भातील निरनिराळ्या पोलीस ठाण्यांचे प्रमुख म्हणून काम करून निवृत्त झालेल्या ठाणेदाराची असून, तपासाचे यश कागदाच्या शिस्तीवर अवलंबून असते अशी त्याची धारणा आहे. दुसरी भूमिका गोंदियातील महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेची असून, यंत्रणा ज्यांना मोजायला तयार नसते त्यांच्यासाठी कागद निघतच नाही, असे तिचे म्हणणे आहे.

ठाणेदार: मॅडम, या चित्रपटात नोकरशाही ही जणू खुन्याची साथीदार म्हणून दाखवली आहे, आणि प्रेक्षकालाही ते पटते, कारण वरिष्ठांच्या समितीसमोर हात जोडून उभा राहिलेला तपास अधिकारी पाहून कोणालाही चीड येते. परंतु चिकातिलो सापडला कसा, हे पाहिले तर चित्र बदलते. १९९० च्या शरद ऋतूत तपास अधिकारी विक्टर बुराकोव यांनी मोठ्या स्थानकांवर गणवेशातील पोलीस मुद्दाम नजरेत भरतील असे उभे केले आणि लहान, ओसाड स्थानकांवर साध्या वेशातील माणसे पेरली, म्हणजे खुनी आपल्या पायांनी त्या लहान स्थानकांकडे वळावा. ६ नोव्हेंबरला डॉनलेसखोझ या जंगलातल्या स्थानकावर इगोर रिबाकोव या शिपायाने एक माणूस झाडीतून बाहेर येताना आणि विहिरीपाशी हात धुताना पाहिला. त्याच्या कोटाला माती आणि गवत लागले होते, गालावर लाल डाग होता, बोटाला जखम होती. रिबाकोवने त्याची ओळखपत्रे पाहिली, अटक करण्याजोगे कारण नसल्याने त्याला जाऊ दिले आणि ठाण्यात येऊन रीतसर अहवाल लिहिला. आठवड्याभराने त्या परिसरात एका तरुणीचा मृतदेह सापडला, तेव्हा त्या दिवसांतले सारे अहवाल मागवले गेले आणि त्यात हे नाव निघाले. २० नोव्हेंबरला चिकातिलो अटकेत होता. नोकरशाहीला नावे ठेवताना हा एक कागद विसरला जाऊ नये.

प्राध्यापिका: साहेब, त्या कागदाचे मोल कोणी नाकारत नाही, पण तेच नाव सहा वर्षे आधी त्याच यंत्रणेच्या कागदावर आले होते, हेही सांगायला हवे. सप्टेंबर १९८४ मध्ये रोस्तोवमध्ये पोलिसांनी चिकातिलोला बायकामुलींच्या मागे लागताना पकडले, त्याच्या पिशवीत सुरी आणि दोर सापडला, आणि तरीही तो खुनाच्या संशयातून सुटला, कारण त्याचे रक्त 'ए' गटाचे निघाले आणि मृतदेहांवर मिळालेल्या वीर्याचे नमुने 'एबी' गटाचे असल्याचे प्रयोगशाळेने लिहिले होते. चाचणीतच चूक असू शकते, हा प्रश्न विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. किरकोळ चोरीच्या गुन्ह्यात थोडे दिवस तुरुंगात राहून तो वर्ष संपण्यापूर्वी बाहेर आला आणि पुढची सहा वर्षे मुले मरत राहिली. कागद खुन्याला पकडतो असे म्हणायचे, तर कागद खुन्याला दाखलाही देतो, हे त्याच दमात म्हणावे लागेल.

या दोन कागदांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. रिबाकोवच्या अहवालात एका माणसाने प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट, तिच्यावर कोणताही निष्कर्ष न लादता, नोंदलेली होती. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र निष्कर्षच होता, आणि वरिष्ठ संस्थेचा निष्कर्ष म्हणून तो तपासाच्या पुढच्या प्रत्येक पायरीवर जसाच्या तसा मान्य होत गेला. निरीक्षण आणि निष्कर्ष यांना दप्तरात सारखेच वजन मिळते, ही नोकरशाहीची जुनी व्याधी आहे आणि ती सोव्हिएत संघापुरती मर्यादित नाही.

ठाणेदारांनी हा आक्षेप मान्य केला, पण त्याची दिशा बदलली. चिकातिलोच्या पहिल्या ज्ञात खुनासाठी, म्हणजे १९७८ साली शाख्ती शहरात मारल्या गेलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी, अलेक्सांद्र क्रावचेंको या पूर्वी शिक्षा भोगून आलेल्या तरुणाला धरण्यात आले, त्याच्याकडून कबुली वदवून घेण्यात आली आणि १९८३ साली त्याला मृत्युदंड देण्यात आला; तो निर्दोष होता. कार्यपद्धती बाजूला सारून 'निकाल' मिळवण्याची घाई झाली की काय होते, त्याचे हे उदाहरण ठाणेदारांच्या मते नोकरशाहीच्या विरोधात जाणारे नसून कार्यपद्धतीच्या बाजूने जाणारे आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम भारतात १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम ठेवला आहे. तपास अधिकाऱ्याला हा नियम पायातली बेडी वाटतो, पण क्रावचेंकोच्या आईला तो तसा वाटला नसता, असे ठाणेदार म्हणाले.

प्राध्यापिका: येथे मतभेद नाहीत. मतभेद आहे तो मुळाशी. सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या लेखी मालिका-हत्या हा भांडवलशाही समाजाचा रोग होता. समाजवादी समाजात असा माणूस निपजूच शकत नाही असे एकदा गृहीत धरले की खुनी वेडा असेल, समलिंगी असेल, सराईत गुन्हेगार असेल, कोणीही असेल, पण कुटुंबवत्सल, पदवीधर, पक्षाचा सभासद असणार नाही. त्या गृहीतकापायी समलिंगी पुरुषांना शोधून शोधून छळले गेले आणि त्यांतल्या काहींनी जीव दिला. वर्तमानपत्रांत बातमी येऊ दिली नाही, त्यामुळे स्थानकावर मुलीला एकटी पाठवताना कोणत्याही आईला काही ठाऊक नव्हते. ही कागदाची चूक मानता येणार नाही, साहेब. सत्तेने आधी काय असू शकते आणि काय असू शकत नाही ते ठरवले आणि मग डोळे उघडले, ही ती चूक होती.

ठाणेदार: तसे असते, तर जेथे पक्ष नव्हता आणि वर्तमानपत्रे मोकळी होती तेथे असे घडले नसते. इंग्लंडमधील यॉर्कशायरचे प्रकरण पाहा. पीटर सटक्लिफ या ट्रकचालकाने १९७५ ते १९८० या काळात १३ स्त्रियांना ठार मारले आणि पोलिसांनी त्याची या तपासात नऊ वेळा चौकशी केली होती. लीड्सच्या मिलगार्थ ठाण्यात तपासाच्या चिठ्ठ्या आणि फायली इतक्या साठल्या की त्यांच्या वजनासाठी मजल्याला आधार द्यावा लागला, पण एका चौकशीची चिठ्ठी दुसऱ्या चौकशीच्या चिठ्ठीशेजारी आली नाही. जानेवारी १९८१ मध्ये तो पकडला गेला तो गाडीवरच्या चोरीच्या क्रमांकपट्ट्यांमुळे. तेथे विचारसरणी आडवी आली नव्हती, आडवी आली होती ती दप्तराची मांडणी. म्हणूनच त्यानंतर ब्रिटिश पोलिसांनी मोठ्या तपासांसाठी संगणक प्रणाली उभी केली.

प्राध्यापिका: यॉर्कशायरमध्येही गृहीतक होतेच. मरणाऱ्या स्त्रिया वेश्याव्यवसायातल्या आहेत असे धरून चालल्यामुळे, ज्या स्त्रिया त्या व्यवसायात नव्हत्या आणि हल्ल्यातून वाचल्या होत्या, त्यांनी सांगितलेले वर्णन बाजूला पडले. आणि १९७९ साली कोणा तोतयाने पाठवलेल्या ध्वनिफितीवर विश्वास ठेवून, ज्याची बोली त्या फितीशी जुळत नाही असा प्रत्येक संशयित वगळण्यात आला. लंडन असो वा मॉस्को, कोणाच्या मरणाची नोंद किती काळजीने घ्यायची हे आधी ठरलेले असते. महाराष्ट्रातले उदाहरण घेतले तर हे आणखी स्पष्ट होते.

प्राध्यापिकेचा रोख कोल्हापूरच्या गावित प्रकरणाकडे होता. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित या जत्रा, देवळे, बसस्थानके अशा गर्दीच्या ठिकाणी चोऱ्या करीत, आणि कडेवर लहान मूल असले की पकडले गेल्यावरही लोकांची सहानुभूती मिळते हे लक्षात आल्यावर त्यांनी १९९० पासून मुले पळवायला सुरुवात केली. मूल रडू लागले, आजारी पडले किंवा निरुपयोगी झाले की ते मारून टाकले जाई. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्या पकडल्या गेल्या. त्यांच्यावर १३ मुलांच्या अपहरणाचे आरोप ठेवण्यात आले आणि अंजनाबाईचा खटल्यापूर्वीच कोठडीत मृत्यू झाला. रेणुकाचा पती किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला, म्हणजे खरी व संपूर्ण हकीकत सांगण्याच्या अटीवर न्यायालयाने त्याला गुन्ह्याची माफी दिली आणि मग तो सरकारपक्षातर्फे साक्षीला उभा राहिला. २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशीची शिक्षा सुनावली, आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच मुलांच्या खुनांची दोषसिद्धी व फाशी कायम केली.

या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट निकालपत्राच्या बाहेर आहे. सहा वर्षे मुले नाहीशी होत होती, आणि ती एका गावातून होत नव्हती. कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबईच्या आसपासची उपनगरे अशी ती पसरलेली होती. एकेका ठाण्यात एकेक मूल हरवल्याची नोंद असली, तरी त्या नोंदी एकत्र ठेवून पाहणारे टेबल कोठेही नव्हते. गुन्हा उघडकीस आला तो नोंदवह्यांच्या पडताळणीतून आलाच नाही. अंजनाबाईच्या पूर्वीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसारातली मुलगी नाहीशी झाली आणि त्या कुटुंबाने थेट या बायकांवर संशय घेतला, म्हणून पोलीस त्यांच्यापर्यंत पोहोचले. म्हणजे सोडवणूक झाली ती वैर आणि नाते या जुन्याच धाग्याने. तो धागा नसता, तर हे सत्र आणखी किती वर्षे चालले असते, याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणत्याही एका ठाण्यावर टाकता येत नाही, आणि नेमके तेच या व्यवस्थेचे दुखणे आहे.

प्राध्यापिका: त्यांतली अनेक मुले भिकाऱ्यांची, मजुरांची, फुटपाथवर झोपणाऱ्यांची होती, साहेब. पहिले मूल एका भीक मागणाऱ्या बाईचे होते. अशी बाई ठाण्यात आली तर तिची तक्रार कोण लिहून घेतो, हे आपण दोघेही जाणतो. हरवलेले प्रत्येक मूल हा गुन्हा समजून प्रथम खबर नोंदवली गेली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साली 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सांगावे लागले. म्हणजे तोपर्यंत हरवणे ही केवळ माहिती होती, गुन्हा नव्हता.

ठाणेदारांनी यावर वाद घातला नाही. मात्र त्यांनी चर्चा ठाण्याच्या टेबलावर आणली, आणि तेथे त्यांचा अधिकार निर्विवाद होता. संशयास्पद किंवा बेवारस मृतदेह सापडला की विदर्भातल्या ठाण्यात प्रथम मर्ग दाखल होतो. मर्ग म्हणजे अपघात, आत्महत्या किंवा अज्ञात कारणाने झालेल्या मृत्यूची नोंद. गुन्हा घडल्याचे अद्याप ठरलेले नसल्यामुळे तिला गुन्ह्याचा क्रमांक मिळत नाही. मग पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा होतो, त्यात मृतदेह कोणत्या स्थितीत पडला होता, अंगावरचे कपडे, गोंदण, जखमा, आजूबाजूला पडलेल्या वस्तू असे सारे लिहिले जाते, प्रेत शवविच्छेदनाला जाते, ओळख पटली नाही तर छायाचित्र शेजारच्या ठाण्यांना कळवले जाते आणि ठरावीक मुदतीनंतर अंत्यविधी होतो. गावात हा प्रेताचा पहिला निरोप बहुधा पोलीस पाटलाकडून येतो. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने ही जबाबदारी त्याच्यावर टाकलेली आहे.

ठाणेदार: आता दरेकसाच्या पुढे रुळांपाशी एखादी अनोळखी बाई मृतावस्थेत सापडली असे समजा. रुळांच्या आवारात असेल तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांचे, म्हणजे रेल्वेच्या हद्दीतले गुन्हे पाहणाऱ्या राज्य पोलिसांच्या शाखेचे. रुळांपासून थोडी बाजूला झाडीत असेल तर सालेकसा ठाण्याचे. आणि गाडी सीमा ओलांडून गेल्यावर ती पडली असेल तर छत्तीसगडचे. रेल्वेच्या मालमत्तेचे रक्षण करणारे रेल्वे सुरक्षा दल पुन्हा केंद्र सरकारचे. वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या पलीकडे बालाघाट पोलीस. पाच दप्तरे, पाच नमुने, पाच वरिष्ठ. त्या बाईच्या घरच्यांनी 'मिसिंग', म्हणजे हरवल्याची तक्रार, दिली असेल ती कदाचित अर्जुनी मोरगावला, कदाचित डोंगरगडला. सालेकशाचा अंमलदार प्रामाणिकपणे मर्ग लिहील, पण तो मर्ग त्या मिसिंगशेजारी कोण ठेवणार? दोष माणसाचा नाही मॅडम, हद्दीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात घ्यावीच लागते. यालाच 'झीरो एफआयआर' म्हणतात, कारण ती शून्य क्रमांकाने नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. देशभरातली ठाणी संगणकाने जोडणारी 'सीसीटीएनएस' प्रणाली आहे. गावित प्रकरणाच्या वेळी यातले काहीच नव्हते.

प्राध्यापिका: संगणक तेवढेच जुळवतो, जेवढे त्यात भरले जाते. तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा धान कापणीनंतर कामासाठी बाहेर गेलेली आदिवासी मुलगी परत आली नाही, तर तिचा बाप चार महिने वाटच पाहतो; ठाण्यात गेलाच, तर 'कोणाबरोबर तरी गेली असेल, येईल परत' असे ऐकून घरी येतो. नोंद झाली तरी रंग, उंची, वय एवढेच लिहिले जाते. तिच्या दंडावरचे गोंदण तिच्या आईला ठाऊक असते, पण तो प्रश्न विचारला जात नाही. मग तुमच्या पंचनाम्यात गोंदणाचे कितीही बारीक वर्णन असले, तरी त्याची जोडी लागणार कशाशी? शिवाय दीर्घकाळ नक्षलग्रस्त राहिलेल्या सालेकसा आणि देवरी या तालुक्यांत पोलिसांचे मनुष्यबळ, लक्ष आणि शाबासकी सारी बंदोबस्ताकडे आणि चकमकींकडे वळलेली असताना, मिसिंगची वही नीट भरणाऱ्या हवालदाराचे कौतुक कोणी करावे?

हा मुद्दा ठाणेदारांना लागला असावा, कारण त्यांनी बचाव करण्याऐवजी एक जुना दाखला दिला. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये मुंबईत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांची डोकी ठेचून त्यांना मारणारा रामन राघव याला पहिल्या सत्राच्या वेळीच पोलिसांनी संशयावरून ताब्यात घेतले होते, परंतु पुरावा नसल्याने सोडून द्यावे लागले. दुसऱ्या सत्राचा तपास उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी अलेक्स फियाल्हो या उपनिरीक्षकाने त्याला पकडले. त्याने आपले नाव सिंधी दलवाई असे सांगितले. जुन्या दप्तरातील बोटांचे ठसे जुळवल्यावर तो रामन राघव असल्याचे निश्चित झाले. ठाणेदारांच्या मते, येथे मरणारे अत्यंत गरीब, बेघर होते आणि तरीही मुंबई पोलिसांनी तपासात कसूर केली नाही. प्राध्यापिकेचे उत्तर असे की मुंबई हे एकच शहर, एकच आयुक्त आणि एकच दप्तर होते, आणि शहरभर पसरलेल्या भीतीने यंत्रणेला स्वस्थ बसू दिले नाही. तेच खून शंभर मैलांवर विखुरले असते तर काय झाले असते, हे गावित प्रकरण सांगते. या ठिकाणी, दोघांच्याही नकळत, त्यांच्या भूमिका एकमेकींच्या जवळ आल्या आहेत: हद्द ही ठाणेदारांची तक्रार होती आणि प्राध्यापिकेने तिचाच आधार घेतला.

भीतीचा उल्लेख निघाल्यावर मात्र पुन्हा फाटाफूट झाली. रोस्तोवच्या रहिवाशांपासून माहिती दडवली नसती तर जीव वाचले असते, हे प्राध्यापिकेचे म्हणणे ठाणेदारांनी तत्त्वतः मान्य केले. परंतु माहिती उघड करण्याची रीत चुकली तर निरपराध मरतात, हे त्यांनी आग्रहाने सांगितले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. भिक्षा मागून जगणारी, गावोगाव फिरणारी ती माणसे होती; गावित बहिणींनी ज्यांची मुले पळवली, त्या थरातलीच. प्राध्यापिकेने हे उदाहरण नाकारले नाही, पण त्याचा अर्थ वेगळा लावला: अधिकृत माहिती विश्वासाने आणि वेळेवर मिळत नाही, तेथे फोनवरची अफवा ती जागा घेते. मूल हरवले तर पोलीस शोधतील याची खात्री ज्या गावाला आहे, ते गाव अनोळखी माणसाला झाडाला बांधत नाही, असे तिचे मत आहे. हे मत पूर्ण सिद्ध करता येण्याजोगे नाही, तरी ते गंभीरपणे घ्यावे असे आहे, कारण जमावाला अडवायचे कसे एवढाच विचार करणारे प्रशासन जमाव का जमला हे विचारायचे विसरते.

नोकरशाहीचा दोष तपासापुरता थांबत नाही, हेही रामन राघव आणि गावित या दोन प्रकरणांत दिसते. रामन राघवला ऑगस्ट १९६९ मध्ये फाशीची शिक्षा झाली. मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने तो बरा न होणाऱ्या तीव्र मानसिक आजाराने ग्रस्त असल्याचे सांगितले, आणि तरीही शिक्षेचे जन्मठेपेत रूपांतर व्हायला १९८७ साल उजाडले. गावित बहिणींच्या बाबतीत त्यांचे दयेचे अर्ज निकाली काढण्यास सरकारी यंत्रणेने सात वर्षे, दहा महिने आणि पंधरा दिवस घेतले, आणि या असमर्थनीय विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात असा विलंब हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकते, असा निर्णय दिलेला होता.

ठाणेदार: आरोपींना या विलंबाचा फायदा झाला असे लोक म्हणतात. फायद्याचा हिशेब मांडण्याआधी, ज्यांची मुले गेली त्या आईबापांना प्रत्येक वर्षी पुन्हा त्याच बातमीला तोंड द्यावे लागले, हे पाहावे. एक फाईल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला आठ वर्षे लागतात, तेव्हा त्यात कोणाची विचारसरणी आडवी येत नाही. कोणालाच ती फाईल आपली वाटत नाही, एवढेच.

प्राध्यापिका: ती फाईल कोणाला आपली वाटत नाही, कारण ती मुले कोणाला आपली वाटली नव्हती. नोएडाच्या निठारीमध्ये २००६ साली जे उघड झाले, तेथेही झोपडपट्टीतल्या पालकांच्या तक्रारींकडे आधी दुर्लक्ष झाले; नंतर जनक्षोभामुळे तपास घाईघाईने रेटला गेला, आणि २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासातल्या त्रुटींवर कडक ताशेरे ओढून आरोपींना निर्दोष सोडले. आधी दुर्लक्ष, मग घाई. दोन्ही वेळा गरिबाचे मूल दुय्यमच.

या टप्प्यावर दोन्ही भूमिकांतील एका मोठ्या मतभेदाचे स्वरूप बदललेले दिसते. दप्तर की दृष्टी, असा तो आरंभी होता. आता दृष्टी दप्तरात उतरवायची कशी, असा तो झाला आहे. ठाणेदारांनी मांडलेली सूचना साधी आहे: गोंदिया, भंडारा, गडचिरोली, बालाघाट आणि राजनांदगाव या जिल्ह्यांच्या स्थानिक गुन्हे शाखांनी व तिन्ही राज्यांच्या लोहमार्ग पोलिसांनी दर महिन्याला एकत्र बसून प्रत्येकाचे मर्ग आणि प्रत्येकाच्या मिसिंग नोंदी समोरासमोर ठेवून वाचाव्यात, आणि त्या बैठकीत कोणत्याही ठाण्याच्या गुन्ह्यांच्या आकड्याबद्दल एक शब्दही बोलू नये. शेवटची अट त्यांनी मुद्दाम घातली. आपल्या हद्दीतला मर्ग खुनात बदलला की आपला आकडा वाढतो, या भीतीने ठाणे मर्गला मर्गच राहू देते, हे त्यांनी नोकरीभर पाहिले होते. रोस्तोवच्या समितीला ज्या कारणाने खुनी नको होता, त्याचे हे लहानसे, रोजचे रूप आहे, आणि ते कबूल करताना ठाणेदारांनी प्राध्यापिकेचा अर्धा युक्तिवाद आपलासा केला.

प्राध्यापिकेने ही सूचना मान्य केली आणि तिला दोन गोष्टी जोडल्या. मिसिंग नोंदवताना घरच्यांना, विशेषतः आईला किंवा बहिणीला, अंगावरच्या खुणा, गोंदण, दागिने, शेवटचा फोन, सोबत गेलेल्या ठेकेदाराचे नाव हे सारे विचारून लिहून घ्यावे, आणि बेवारस प्रेताच्या अंत्यविधीपूर्वी डीएनए नमुना राखून ठेवावा. दुसरी गोष्ट तिने अधिक ठामपणे मांडली: तीन महिन्यांत तपासात काय झाले, कोणकोणते मर्ग पडताळून पाहिले, आणि ते का जुळले नाहीत, हे तक्रार देणाऱ्या कुटुंबाला लेखी कळवले पाहिजे. उत्तर कोणी द्यायचे, लोहमार्ग पोलिसांनी की जिल्हा पोलिसांनी, महाराष्ट्राने की छत्तीसगडने, असे ठाणेदारांनी लगेच विचारले, कारण हा प्रश्न उद्या पहिल्याच पत्रावर उपस्थित होणार हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ज्या ठाण्याच्या बाकावर बसून बापाने तक्रार लिहून दिली त्याच ठाण्याने, असे प्राध्यापिकेने सांगितले. प्रेत कोणाच्याही हद्दीत सापडो, तपास कोणाकडेही जावो, पत्रावर सही त्या ठाणेदाराची असावी.